काठीखालून जाणारा देह : विल्सन हॅरिस यांच्या लिंबोविषयक मांडणीची चिकित्सा

गुलामगिरीमुळे आफ्रिकेतून अमेरिका खंडात व कॅरिबियन बेटांत फेकल्या गेलेल्या समाजांच्या धार्मिक आणि भावनिक जीवनात देह ताणणे, वाकवणे, मोकळा करणे या क्रियांना व्यायामापलीकडचे स्थान आहे. हैतीमधील व्होडू पंथात दाम्बाला या सर्परूप देवतेसाठी होणाऱ्या यानव्हालू नृत्यात गुडघे दुमडून कण्याला लाटेप्रमाणे हेलकावे दिले जातात. ट्रिनिदादच्या लिंबोमध्ये तोच कणा मागे कमानीसारखा ताणून आडव्या काठीखालून जायचे असते. या देहक्रियांना साहित्यविचारात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे मोठे श्रेय गयानाचे कादंबरीकार विल्सन हॅरिस (१९२१-२०१८) यांच्याकडे जाते. जॉर्जटाउन येथे १९७० साली दिलेल्या एडगर मिटलहोल्झर स्मृतिव्याख्यानांत त्यांनी लिंबोची जी मीमांसा केली, ती पुढे कॅरिबियन समीक्षेत जवळजवळ सिद्धान्त म्हणून रूढ झाली. प्रस्तुत लेखात तिचाच विचार केला आहे.

हॅरिस यांचा मूळ वाद इतिहासकारांशी आहे. जेम्स अँथनी फ्रूड यांनी १८८८ मध्ये वेस्ट इंडीजच्या लोकांना हिणवले आणि जे. जे. थॉमस यांनी १८८९ मध्ये त्यांना सडेतोड उत्तर दिले. परंतु साम्राज्यवादी आणि त्याचा प्रतिवादी हे दोघेही एकाच चौकटीत अडकले आहेत, असे हॅरिस यांना वाटते. दप्तरात ज्याची नोंद नाही तो इतिहासच नव्हे, ही ती चौकट. तिच्याबाहेरचा इतिहास ते लोककथेत, व्होडूत आणि लिंबोत शोधतात. गुलामवाहू जहाजांवर जागा इतकी अपुरी होती की बंदिवानांचे देह कोळ्यासारखे मुडपले गेले आणि त्यातून लिंबो जन्मला, ही दंतकथा ते स्वीकारतात. कोळ्याच्या रूपातील आनान्सी या आफ्रिकी लोकनायकाशी तिचा धागा जोडतात. लहानपणी जॉर्जटाउनमध्ये पाहिलेले खेळ त्यांना आठवतात. त्यांत काही नर्तक जमिनीलगत पसरलेले असत, तर काही उंच काठ्यांवर चढून जणू लांबवलेल्या पायांनी चालत. तुटलेल्या अवयवाची वेदना जशी अवयव नसतानाही जाणवत राहते, तसा विखुरलेला समूह या ताणातून स्वतःला पुन्हा जुळवू पाहतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या मांडणीचे बळ तिच्या उपमेत आहे. येथे उपचार म्हणजे दुखणे नाहीसे होणे नव्हे. नसलेल्या अवयवाचे दुखणे हाच तो अवयव कधीतरी होता याचा पुरावा ठरतो. ताण देऊन मन शांत करण्याच्या ज्या पद्धतींचा हल्ली सर्वत्र गवगवा आहे, त्यांच्यापेक्षा हा विचार कितीतरी कठोर आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे.

मात्र जहाजाविषयीचा भाग तपासून घ्यावा लागतो. लिंबोच्या उगमाची कथा हॅरिस स्वतःही ऐकीव म्हणूनच सांगतात; त्यांच्या नंतरच्या अभ्यासकांनी ती सावधगिरी सोडून दिली. जागेची टंचाई ही मात्र दंतकथा नव्हे. १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रूक्स जहाजाच्या आराखड्यात प्रौढ पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद एवढीच जागा आहे. त्याच वर्षी अलेक्झांडर फाल्कनब्रिज या जहाजावरील शल्यवैद्याने लिहिलेल्या वृत्तान्तात आणखी एक अस्वस्थ करणारी माहिती येते. प्रकृती टिकावी म्हणून बंदिवानांना डेकवर आणून नाचायला लावत, आणि जे कुचराई करत त्यांना फटके मारत. म्हणजे जहाजावर अंग मोकळे करण्याची क्रिया होती, पण ती मालाची किंमत राखण्यासाठी, मालकाच्या हुकमाने. हॅरिस यांच्या मांडणीत या नाचाला महत्त्वाचे स्थान मिळत नाही. ते मिळाले असते तर प्रश्न अधिक टोकदार झाला असता. एकच हालचाल एका ठिकाणी जुलमाची खूण आणि दुसऱ्या ठिकाणी मुक्तीची खूण कशी ठरते?

याचे उत्तर देहाच्या हालचालीत सापडत नाही. ते प्रसंगात सापडते. ट्रिनिदादमध्ये लिंबो हा मृत्यूनंतरच्या जागरणाच्या रात्रींशी निगडित होता. शेजारीपाजारी जमत, गात, मृताच्या घरच्यांना एकटे पडू देत नसत. पारंपरिक रीतीत काठी प्रथम अगदी खाली असे आणि मग टप्प्याटप्प्याने वर नेली जाई; मृत्यूकडून जीवनाकडे येणे असा त्याचा अर्थ लावला जातो. १९५० च्या दशकात जुलिया एडवर्ड्स यांच्या नृत्यसंचामुळे लिंबोला रंगमंचावर आणि पर्यटकांपुढे मोठी प्रसिद्धी मिळाली. आता सर्वत्र दिसणाऱ्या खेळात काठी वरून खाली येते. शोकविधीची जागा चढाओढीने घेतली. नर्तकाचे कौशल्य कदाचित वाढलेही असेल, परंतु अर्थाची दिशा उलटली. हॅरिस सामूहिक मनाच्या खोल तळाकडे इतके ओढले जातात की शोकाच्या या साध्या, शेजारधर्माच्या रचनेकडे ते फारसे वळत नाहीत. त्यामुळे त्यांच्या विवेचनात उपचार होतो तो कल्पनाशक्तीचा. ज्याच्या घरी माणूस गेले आहे तो कोठेच दिसत नाही.

बार्बाडोसचे कवी एडवर्ड कमाऊ ब्रॅथवेट (१९३०-२०२०) या बाबतीत अधिक जमिनीवर राहतात. त्यांच्या ‘आयलंड्स’ (१९६९) या संग्रहातील ‘कॅलिबन’ या कवितेत लिंबोची काठी, जहाजाचा डेक आणि अंधार एकत्र येतात. तेथे काठीला मारहाणीच्या दांडक्याचीही छटा आहे, आणि ढोलाचा ताल आज्ञेसारखा वाजत राहतो. जुलूम आणि सुटका या दोहोंना कवीने एकाच लयीत धरले आहे. कवितेतील देह आधी पूर्ण खाली जातो आणि मग वर येतो. हा क्रम पर्यटकांपुढच्या खेळाचा नाही. जागरणाच्या रात्री काठी ज्या दिशेने सरकत असे, त्या दिशेचा आहे.