खोलीतला दुसरा माणूस

हंसल मेहता यांचा 'अलीगढ' २०१६ साली प्रदर्शित झाला. आम्ही तो पुष्कळ उशिरा पाहिला. घरी, रात्री, आवाज कमी करून. बुलडाणा जिल्ह्यातल्या मुस्लिम घरात हा चित्रपट उघडपणे बघायचा नसतो, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आमचे आम्हीच ठरवून टाकले होते. समीक्षेची सुरुवात या कबुलीपासूनच करावी लागते.

चित्रपट ज्यांच्यावर आहे ते डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस आपल्याच वऱ्हाड-नागपूर मुलखाचे. नागपूर विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन ते १९८८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायला गेले. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या कवितासंग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. त्या वेळी त्यांच्यासोबत एक रिक्षा ओढणारा मुस्लिम तरुण होता. दुसऱ्याच दिवशी सिरस निलंबित झाले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले.

मनोज बाजपेयींचे सिरस एका शब्दात बसायला नकार देतात. आपल्या भावनेला तीन अक्षरांचे नाव कसे पुरेल, असा त्यांचा सवाल आहे. आपण उर्दूच्या शहरात मराठी शिकवतो, संसारी माणसांत एकटे राहतो, ही त्यांची दुसरी तक्रार. आमच्या मते चित्रपटाचा गाभा इथे आहे. बहुतेक परीक्षणे कलम ३७७ भोवती फिरली. पण सिरसांचे परकेपण दुहेरी होते, भाषेचे आणि देहाचे, आणि दोन्ही एकमेकांत असे गुंतले होते की एक सोडवायला जावे तर दुसरे ताणले जावे. व्हिस्कीचा ग्लास घेऊन ते लताबाईंचे 'अनपढ' (१९६२) मधले गाणे ऐकत बसतात. गाणारी बाई मराठी, गीत राजा मेहदी अली खान यांचे. या माणसाला दोन भाषांच्या मधोमध जेवढी जागा मिळाली ती एवढीच.

हे दुखणे आपल्याला समजावून सांगायला नको. 'मुसलमान असून मराठी इतके चांगले कसे?' हे पुण्यात ऐकायचे, आणि लखनौ-अलीगढकडे गेलो की आपल्या दखनी वळणाच्या उर्दूवर हसू ऐकायचे. 'आधी मराठी की आधी मुसलमान' हा प्रश्नच चुकीचा आहे, हे १९९० च्या सोलापूरच्या संमेलनापासून मुस्लिम मराठी लेखक सांगत आले. मग तोच प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारताना आपली जीभ अडखळत का नाही?

कुणी म्हणेल, हा दीनचा मामला आहे. फिकहचा निवाडा देणे समीक्षकाचे काम नव्हे, आणि लूत अलैहिस्सलाम यांच्या कौमचा किस्सा वाचकांना ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नका हे सूरह नूर सांगते, कुणाची टेहळणी करू नका हे सूरह हुजुरात. त्या रात्री कॅमेरा घेऊन घुसलेल्यांचा गुन्हा आपल्या चर्चेत कधी गुन्हा म्हणून आलाच नाही. चित्रपटाच्या नावावरून मात्र नाराजी उमटली.

उर्दूत या विषयाला निदान आडोसा होता. गझलेतला माशूक व्याकरणाने पुल्लिंगी. खरे आणि संकेताचे, दोन्ही त्यात लपून जाई. इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ'वर (१९४२) लाहोरात खटला चालला, पण कथा टिकली. सलीम किदवई यांनी रूथ वनितांसोबत २००० साली 'सेम-सेक्स लव्ह इन इंडिया' संपादित केले आणि मीरसारख्या कवीलाही या प्रकाशात वाचायला लावले. आपण गझल मराठीत आणली तेव्हा 'आलीस', 'गेलीस' लिहू लागलो. आडोसा गेला आणि त्याच्या जागी उघडेपणाही आला नाही. मराठीत तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आहे, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आहे. दोन्ही महत्त्वाच्या कृती. पण त्यांतली घरे आपल्या मोहल्ल्यातली नाहीत. आणि आपल्या साहित्यात? दंगल आहे, तलाक आहे, गरिबी आहे, संशयाची नजर आहे. हा माणूस आमच्या वाचनात आलेला नाही.

'अलीगढ'बद्दलची आमची खरी तक्रारही हीच. सिरसांच्या वाट्याला पत्रकार आला, वकील आले, न्यायालय आले, शेवटी कवितेची आठवण आली. रिक्षावाला मार खातो आणि कथेच्या कडेला सरकतो. पडद्यावर त्याचा देह आहे, त्याचे म्हणणे नाही. गरीब, मुसलमान आणि असा. तिन्ही ओझी एकाच खांद्यावर. तो परत मोहल्ल्यात गेला असेल तेव्हा दार कुणी उघडले? त्याच्या रिश्त्याची बोलणी कुठवर आली होती? सहानुभूतीनेही चित्रपट त्याच्यामागे चार पावले जात नाही. ते काम अपूर्व असरानींच्या पटकथेकडून झाले नाही, आणि ते तिथून होईल अशी अपेक्षा धरणेही कदाचित चूक होते. तो आपल्या गल्लीतला आहे. मलकापूरच्या स्टेशनाबाहेर किंवा खामगावच्या बाजारात तो आपल्याला रोज सलाम करत असेल.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. पण कायद्याने भाषा मिळत नाही. 'समलिंगी' हा शब्द वर्तमानपत्रातला. रस्त्यावर जे शब्द आहेत त्या साऱ्या शिव्या. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर लोक नाव नसलेली कितीतरी दुखणी घेऊन येतात, तिथेही याला नाव नाही. बाजारात वऱ्हाडी आणि घरात दखनी बोलणाऱ्या एखाद्या पोराला हे अम्मीला सांगायचे झाले तर तो कोणत्या शब्दाने सुरुवात करील? आम्ही दोन्ही भाषांत शोधून पाहिले. शिवी नसलेला एक शब्द सापडला नाही.