सही कुणाची?

मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ तुम्ही वाचलं असेल. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), सर्वसहमतीने चालणारी तिथली ग्रामसभा, गावाचा अभ्यासगट. पुस्तक चांगलंच आहे. पण आपण ते ‘भल्या माणसांची गोष्ट’ म्हणून वाचतो, तिथे गडबड होते.

जरा भ्रष्टाचाराच्या अंगाने बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याकडे. ज्याच्या सहीशिवाय गाडी हलत नाही, त्याच्या सहीला भाव येतो. २७ एप्रिल २०११ ला परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही, सहीची जागा बदलली. आता ठेकेदाराला साहेब नको, गावातले दोन-तीन जण पुरतात. मेंढ्यातल्या लोकांनी सर्वांसमोर बसून निर्णय घ्यायची सवय कायद्याच्या कितीतरी आधीच लावून घेतली होती, म्हणून त्यांना ती सही पेलली.

हक्क सरकार देऊ शकतं, ही सवय नाही. तुमच्या गावात परवाना आला असेल, तर एवढंच विचारा: हिशोब कुठे वाचला जातो, आणि ऐकायला कोण असतं?