भोपळ्यातली म्हातारी

भयकथा आणि विनोदी कथा या दोन सवती. त्या एका घरात नांदायच्या नाहीत, असे आपल्याकडे धरून चालतात. मला ते पटत नाही. मराठी पोराच्या कानांवर जी गोष्ट अगदी आरंभी पडते, त्या म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत दोघी एकाच चुलीवर रांधतात.

गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण तिच्याकडे कथा म्हणून कोणी पाहिले आहे काय? एक हाडकुळी म्हातारी रानातून एकटी लेकीकडे निघते. वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो. खाण्याच्या गोष्टी निघतात. म्हातारी म्हणते, आता माझ्यात आहे काय? लेकीकडे चार दिवस राहून अंगाने भरते, मग खा! आपण हसतो, आणि हसता हसता ध्यानात येते की बाईने आपल्या मरणाची तिथी ठरविली, वर चवीची हमीही दिली! पुढे ती लेकीकडे जो जो घास खाते, तो वाघाच्याच ताटात पडत असतो. पडका वाडा नाही, अमावास्या नाही; तुपाच्या वाटीने काम भागते.

शिवाय लेकीच्या घरचे पाणीही न पिणारे आईबाप जिथे होते, तिथे ही बया खुशाल जेवून लठ्ठ होते. वाघाला फसविण्याहून हे धाडस लहान नव्हे.

आता सोबती. चिमणरावाला गुंड्याभाऊ लागतो. नारायण धारपांच्या कथांत समर्थांजवळ अप्पा असतो. तो आपल्या वतीने घाबरतो, म्हणून वाचक निर्धास्त. म्हातारीचा सोबती भोपळा! तो घाबरत नाही, धीर देत नाही, नुसता उड्या मारतो. घाबरण्याचे सारे काम मग ऐकणाऱ्या पोराच्या अंगावर येते. इराणातही अशी एक म्हातारी भोपळ्यात बसून गडगडते. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 'टुनटुनीर बोई'त (१९१०) कुबड्या म्हातारीचे कुत्रे शेवटी धावून येतात. मला आपलीच सरस वाटते. कुत्रे आले की जिवाचा घोर मिटला, आणि गंमतही.

असे असून या म्हातारीचा वंश मराठीत वाढला नाही. आपल्या भयकथांत बाई येते ती बहुधा हडळ म्हणून, जखीण म्हणून. तिचा शोध घ्यायला निघतो तो पुरुष. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण भिवविते आणि हसवितेही, पण ती पडली खलनायिका. आणि गाजविली दिलीप प्रभावळकरांनी! भुताच्या भेटीला हौसेने निघणारी, थोडी विक्षिप्त अशी बाई आपल्या लेखकांना का सुचू नये? मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. हा प्रश्न मलाही लागू आहे.

इथे जिंतुरात सहावीच्या मुलींना मी या गोष्टीचा पुढचा भाग लिहायला सांगितला. बहुतेकींनी म्हातारीला घरी निजविले. एकीने मात्र तिला घरात करमत नाही म्हणून नातीसह पुन्हा भोपळ्यात घातले आणि येलदरीच्या धरणात सोडले, वाघ काठाकाठाने पळतो आहे, आणि म्हातारी त्याला विचारते आहे, "जेवलास का रे?" हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचले. शेवट तेवढा फसला आहे. वाघ शाकाहारी होतो. मी समासात लिहिले : वाघ भुकेलाच ठेव.