‘तीन महाराष्ट्रकें’ आणि एक कल्पित संघराष्ट्र

‘महाराष्ट्र’ म्हणजे मूळचा तीन राष्ट्रांचा संघ, अशी उपपत्ति मांडिली जाते. तिचा आधार ऐहोळे येथील मेगुती जिनालयावरील शिलालेख. शके ५५६ (इ. स. ६३४) मधील या प्रशस्तींत कवि रविकीर्ति सांगतो कीं, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी हा नव्याण्णव हजार गांवांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपति झाला. यावरून विदर्भ, कुंतल व मूळ महाराष्ट्र अशीं तीन राष्ट्रें कल्पून त्यांचा संघ उभा करण्यांत येतो. आमच्या मतें हा संघ लेखांत नाहीं; तो वाचकांनीं रचिला आहे.

लेखांत तिहींचीं नांवें नाहींत आणि त्यांच्यांत परस्पर ऐक्य असल्याची सूचनाही नाहीं. तीन प्रदेश एका राजाच्या सत्तेखालीं आले, एवढाच षष्ठीच्या बहुवचनाचा अर्थ. गांवांचा आंकडाही प्रशस्तीचा म्हणून जपून घ्यावा. १९६० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्यांत २०११ च्या जनगणनेंत सुमारें ४४ हजारच गांवें भरलीं. शिवाय या लेखापूर्वींच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथांत ‘महारठ्ठ’ हा देश एकवचनांत आला आहे. तेव्हां तिहींच्या मिळणीनें नांव पडलें, हें म्हणणें टिकत नाहीं.

मग नांव आलें कोठून? ‘महा’ हें पद प्रथम कोणास लागलें, तें पाहावें. अशोकाच्या पांचव्या शिलाशासनांत ‘रठिक’ व तेराव्यांत ‘भोज’ असे लोक येतात. पुढें नाणेघाटांत ‘महारठि’ आढळतो. आम्ही बिरवाडीस राहतों. आमच्याच रायगड जिल्ह्यांतील कुडें येथील लेण्यांत ‘महाभोज’ आढळतो. बेडशाच्या लेखांत तर महाभोजाची कन्या सामडिनिका ही ‘महारठिनी’ आहे. म्हणजे ‘महा’ हें मानाच्या पदवीस लागलें, राष्ट्रास नव्हे. ‘महाभोज’ पाहून कोणी भोजांचा संघ कल्पित नाहीं. मग ‘महारठि’ पाहून तरी कां कल्पावा?

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८८४ सालीं हें नांव रट्ठ लोकांवरून पडल्याचें प्रतिपादिलें. ‘रठिक’ हें कुळ कीं अधिकारपद, याविषयीं मतभेद आहे; परंतु दोन्ही पक्षीं नांव माणसांवरून देशास आलें, आणि ‘महारठ्ठ’ याचें संस्कृत रूप मागाहून झालें.

आम्हीं स्वतः शाळेंत वर्षानुवर्षें ‘महान् असें राष्ट्र’ हाच विग्रह शिकविला. तो व्याकरणानें शुद्ध आहे, पण इतिहासाचा क्रम उलटा लावितो. ही चूक आमची आम्हांसच मान्य केली पाहिजे. म्हणूनच संग्राहकांस विनंति कीं, पोथीच्या वेष्टनावर वा यादींत ‘प्राचीन संघराष्ट्र’ असें टांचण करूं नये. वेष्टनावरचा शब्द दोन पिढ्यांनीं मूळांतलाच समजला जातो, आणि मग तो काढून टाकणें नवी पोथी मिळविण्याहूनही कठीण होतें.