भिंतीतील दाब आणि पडद्यावरील आकडा : घाटी रुग्णालयातील श्वसनयंत्रांच्या वादाचे परीक्षण

सन 2021 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जो वाद उभा राहिला, त्याची वृत्तपत्रांतील चर्चा राजकीय अंगानेच अधिक झाली. केंद्राकडून मिळालेली श्वसनयंत्रे कोणत्या निधीतील होती, दोष निर्मात्याचा की वापरणाऱ्याचा, याच प्रश्नांभोवती ती फिरत राहिली. परंतु ज्याला अतिदक्षता विभागातील मापनशास्त्रात रस आहे, त्याला या प्रकरणात दुसराच एक प्रश्न दिसतो, आणि तो आमच्या मते अधिक मूलगामी आहे. रुग्णाच्या शरीरात बिघाड झाला की यंत्रात, हे ठरविण्याचे साधन त्या खोलीत होते काय?

प्रथम वस्तुस्थिती. 1956 साली स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'घाटी'कडे, 150 श्वसनयंत्रे आली. त्यांतील काही मराठवाड्यातील अन्य रुग्णालयांकडे रवाना झाली. वापरात आलेल्या 113 यंत्रांत दोष आढळला आणि 37 खोक्यांतच राहिली, असे न्यायालयापुढे आले. रुग्णालयाने नोंदविलेल्या दोषांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. आत येणाऱ्या वायूचा दाब पडद्यावर दिसत नाही, हा एक. आणि यंत्र काही काळ चालल्यावर रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू घटतो, हा दुसरा. केंद्राच्या प्रतिज्ञापत्राने दोष यंत्रांचा नसून प्रशिक्षणाचा व रुग्णालयातील व्यवस्थेचा असल्याचे सुचविले. त्यातील भूमिका रुग्णांविषयी असंवेदनशील आहे, अशा अर्थाचे कडक शब्द खंडपीठाने त्याबद्दल वापरले.

हे दोन दोष सामान्यतः एका यादीतील दोन वेगळ्या नोंदी म्हणून वाचले गेले. तसे वाचणे ही चूक आहे. रुग्णालयाच्या भिंतीतील नळीतून येणारा वायू साधारणपणे चार बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे चौपट, दाबाने यावा लागतो. एकाच नळीवर एका वेळी अनेक यंत्रे चालू लागली, आणि त्या उन्हाळ्यात तसेच होत होते, की दूरच्या खाटेपाशी हा दाब उतरू शकतो. दाब उतरला की मिश्रणातील प्राणवायूचे प्रमाण ढळते आणि रुग्णाचा रंग उतरू लागतो. अगदी हीच अवस्था यंत्राच्या आतील झडप वा संवेदक बिघडल्यानेही येते. रुग्णाकडे पाहून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. त्यांना वेगळे करणारा पुरावा एकच : आत येणारा दाब. आणि पडद्यावर नेमका तोच नव्हता. म्हणजे पहिला दोष हा दुसऱ्याच्या शेजारी बसणारा नव्हे. दुसऱ्याचे कारण शोधण्याचा मार्गच तो बंद करतो. व्यवस्थेला दोष देणारा केंद्राचा युक्तिवाद आणि यंत्राला दोष देणारा रुग्णालयाचा, हे दोन्ही एकाच कोऱ्या चौकटीवर उभे होते. मात्र ती चौकट कोरी ठेवणारे यंत्र निर्दोष म्हणता येणार नाही, इतके तरी प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्यांच्या ध्यानी यावयास हवे होते.

दुसऱ्या नोंदीचीही तपासणी करावयास हवी. 'प्राणवायू घटला' हे कशावरून ठरले? धमनीतील रक्त काढून, की बोटावरील चिमट्यावरून? हा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, ज्या कल्पनेवर चालतो ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडली. तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या शोषणातील फरकावरून, आणि तोही नाडीबरोबर स्पंदणाऱ्या भागापुरता, तो रक्ताची संपृक्तता काढतो. कल्पना अतिशय सुंदर आहे; पण प्रकाशाला आधी त्वचेतून जावे लागते. मिशिगन विद्यापीठातील शोडिंग व सहकाऱ्यांनी डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रात, चिमटा 92 ते 96 टक्के दाखवीत असताना धमनीतील खरी संपृक्तता 88 टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के आढळले.

या पत्राचा आपल्याकडे आधार घेताना सावधगिरी हवी. त्यातील विभागणी रुग्णांनी सांगितलेल्या वंशावर आहे, त्वचेच्या मोजलेल्या वर्णावर नव्हे. मराठवाड्यातील शेतमजुराचा उन्हाने रापलेला हात त्यातील कोणत्या रकान्यात घालावा? दोन मापनांत दहा मिनिटांपर्यंत अंतर असू शकत होते, हा आक्षेपही घेता येतो. पण हे अंतर दोन्ही गटांना सारखेच लागू असल्याने मुख्य निष्कर्ष त्याने ढासळत नाही. चुकीची दिशाही ध्यानात घ्यावी. चिमटा आकडा चढवून सांगतो. तेव्हा घाटीतील डॉक्टरांना चिमट्यावरही घट दिसली असेल, तर सावळ्या वर्णाच्या रुग्णात खरी घट त्याहून मोठी असण्याचा संभव अधिक. रुग्णालयाची तक्रार अतिशयोक्त असावी, असा सूर ज्यांनी लावला, त्यांना हे गैरसोयीचे वाटेल.

पुढे जूनमध्ये दिल्लीच्या राममनोहर लोहिया व सफदरजंग या रुग्णालयांतील डॉक्टर तपासणीस येतील, असे केंद्राने न्यायालयास सांगितले. अनुभवी वैद्य पाठविणे योग्यच. परंतु प्रश्न वैद्यकीय मताचा जितका, तितकाच साध्या मोजमापाचा होता. भिंतीच्या तोंडाशी एक दाबमापक, यंत्राला जोडलेले रबरी कृत्रिम फुप्फुस, प्राणवायूचे प्रमाण मोजणारा स्वतंत्र संवेदक आणि काही तास सलग चालणारी नोंदवही, एवढ्याने दोन्ही पक्षांपैकी कोणाचे खरे हे कळू शकते. रुग्णाला त्या प्रयोगात खाटेवर निजविण्याची आवश्यकता नाही. खोक्यांत राहिलेली 37 यंत्रे यासाठी हाताशीच होती.