गल आणि लासेग यांचे दोन निबंध

उपासाने स्वतःचा देह झिजविणाऱ्या तरुण मुलींच्या विकारावर इ. स. १८७३ मध्ये दोन निबंध पुढे आले. पॅरिसचे डॉ. लासेग यांचा निबंध एप्रिलात प्रसिद्ध झाला. लंडनचे सर विल्यम गल यांनी आपला ऑक्टोबरात क्लिनिकल सोसायटीपुढे वाचला व तो पुढील वर्षी छापला गेला. अशा रुग्णास अन्न कसे द्यावे आणि ते कोणी द्यावे, हा वाद अद्याप मिटलेला नसल्यामुळे हे निबंध पुन्हा चिकित्सक दृष्टीने वाचणे आम्हांस अगत्याचे वाटते.

'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे आज रूढ असलेले नाव गल यांनी दिले. परंतु ते निर्दोष नाही. अॅनोरेक्सिया म्हणजे भूक नसणे. आपल्या वैद्यकातील 'अरुचि' हा शब्दही जवळपास त्याच अर्थाचा. या रुग्णांपैकी पुष्कळांस मात्र भूक लागत असते व ती ते निग्रहाने दडपीत असतात. नावामुळे हा निग्रह झाकला जातो.

गल यांची शैली अत्यंत मितभाषी आहे. त्यांची 'मिस ए' सतरा वर्षांची. उंची ५ फूट ५ इंच, वजन ३३ पौंडांनी घटून अवघे ८२ पौंड उरलेले. सिंकोना, पारा, लोह यांपैकी कशाचाच गुण आला नाही, हे ते प्रांजळपणे नमूद करतात. आजारातील व बरे झाल्यानंतरचा असे तिचे दोन चेहरे चित्रांत शेजारी येतात. ती स्वतः मात्र कोठेही बोलत नाही. उपचार एकच: ठरलेल्या वेळी, थोड्या थोड्या अंतराने अन्न, रुग्णाची इच्छा विचारावयाची नाही.

ही आज्ञा कठोर वाटते खरी. परंतु तिच्या बाजूने पुढे सबळ पुरावा मिळाला. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. तेही अन्नाचाच ध्यास घेऊ लागले, घास चिवडीत बसू लागले, उदास व चिडखोर झाले. म्हणजे मनाची काही विकृती ही उपासाचेच अपत्य होय. देह भरल्यावाचून नुसता उपदेश व्यर्थ, हा गल यांचा निष्कर्ष आम्हांस ग्राह्य वाटतो.

तथापि अन्न हे औषध असेल तर त्यास मात्राही हवी. दीर्घ उपासानंतर एकाएकी भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम इत्यादी क्षार पेशींत ओढले जातात व हृदयही बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या बंदिवानांत हे दिसून आले. या भीतीने वैद्य पुष्कळ काळ फारच थोड्या अन्नाने प्रारंभ करीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत मात्र, रुग्णालयाच्या देखरेखीखाली रोज १४०० ऐवजी २००० कॅलरींनी आरंभ केलेल्या रुग्णांची प्रकृती लवकर स्थिरावली आणि क्षारांचा बिघाड काही वाढला नाही. अतिसावधपणाही निरुपद्रवी नसतो, हा त्यातील बोध.

गल यांचे आम्हांस न पटणारे मत नातलगांविषयी आहे. शुश्रूषेस आप्तजन सर्वांत नालायक, असे ते दोन शब्दांत सांगून मोकळे होतात. लासेग येथे अधिक खोल जातात. आईबाप प्रथम लाडाने आवडीचे पदार्थ पुढे करतात, मग विनवितात, मग धमकावितात. शेवटी घरात दुसरा विषयच उरत नाही. हे वर्णन एखाद्या उत्तम कादंबरीत शोभावे असे आहे. आईबापांचा दोष प्रेमाचा नसून मार्ग न सुचण्याचा आहे, हे त्यावरून ध्यानी येते. त्याच लंडनातील मॉडस्ली रुग्णालयाच्या वैद्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, कोवळ्या वयात जडलेला व फार जुना न झालेला हा विकार असेल, तर आईबापांच्या हाती जेवणाची सूत्रे देऊन त्यांस मार्गदर्शन केल्याने अधिक गुण येतो. गल यांचा निवाडा अशिक्षित हातांपुरताच खरा ठरला.

म्हणून हे दोन्ही निबंध एकत्रच वाचावेत. अन्न वेळेवर आणि न चुकता का द्यावे हे गल शिकवितात. ते देणाऱ्याच्या मनाची काय अवस्था होते हे लासेग दाखवितात. ताटापाशी बसणाऱ्यास दोन्हींची गरज आहे.