ट्रायपॉड "किती किलोचा?" हा प्रश्नच अपुरा आहे

फील्ड व्हिडिओसाठी कोटेशन मागवताना कॅमेरा आणि लेन्सवर आठवडाभर चर्चा होते. ट्रायपॉडच्या रकान्यात मात्र कुणीतरी "क्षमता १० किलो" एवढं लिहून मोकळं होतं. माझा आक्षेप या आकड्याला आहे.

कुरकुंभपासून सुप्याकडे पसरलेला माळरानांचा पट्टा घ्या. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. समजा, चिंकारा चरताना किती वेळा मान वर करतो, कान कुठे वळवतो, हे तुम्हाला २०० मीटरवरून मोजायचं आहे. ६०० मिमी लेन्स आणि फुल-फ्रेम सेन्सर असेल तर चौकटीत जेमतेम ३.४ अंश मावतात, म्हणजे तिथली १२ मीटर रुंदी. ती ३८४० पिक्सेलमध्ये वाटली जाते. आता कॅमेरा अंशाचा फक्त शंभरावा भाग हलला तरी चित्र ११ पिक्सेल सरकतं, तिथल्या मापात साडेतीन सेंटिमीटर. कान हलला की ट्रायपॉड, हे कसं ठरवणार? नंतर सॉफ्टवेअरने स्थिर करू म्हणाल, तर माळावर वाऱ्याने गवतही हलतंय. संदर्भबिंदू कशाला धरायचा?

आता तो किलोचा आकडा. कॅमेरा पुढे झुकवला की हेडवर पडतो तो टॉर्क, आणि तो फक्त वजनावर ठरत नाही. गुरुत्वमध्य टिल्टच्या अक्षापासून किती उंच आहे यावरही ठरतो. ८ किलोचा कॅमेरा, गुरुत्वमध्य १० सेंमी वर, ३० अंश झुकाव : साधारण ३.९ न्यूटन-मीटर. त्याच कॅमेऱ्यावर मॉनिटर आणि बॅटरी चढवून गुरुत्वमध्य १५ सेंमीवर नेलात, तर त्यांचं जादा वजन सोडूनही ५.९. म्हणून चांगल्या हेडसोबत वजन आणि उंची दोन्ही दाखवणारा काउंटरबॅलन्सचा आलेख मिळतो. तो मागा. नुसता "कमाल भार" म्हणजे हेड मोडणार नाही एवढंच. आणि जास्त क्षमतेचं घेऊन ठेवू, हाही शहाणपणा नाही : स्प्रिंग जास्त ताकदीची असली तर हलका कॅमेरा झुकवल्यावर हात सोडताच वर उसळतो.

स्वस्त हेडवर "फ्लुइड" लिहिलेलं असतं, आत पुष्कळदा नुसतं घर्षण असतं. खऱ्या फ्लुइड हेडमध्ये दाट द्रवाचा थर कातरला जातो, त्यामुळे वेग वाढला की विरोध वाढतो आणि सुरुवातीचा झटका बसत नाही. दुकानात तपासायचं असेल तर तुमचाच कॅमेरा चढवा, पूर्ण झूम करा, हळू पॅन करून थांबा, हँडल सोडा. चित्र मागे सरकलं तर ते हेड मोजमापाच्या कामाचं नाही. मग पायाला टिचकी मारा आणि कंप शमायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. माझ्या मते ही दोन मिनिटं सगळ्या ब्रोशरांपेक्षा जास्त सांगतात.

पायांबद्दल थोडक्यात : मधला खांब वर काढायचा असेल तर एवढा खर्च कशाला? ७५ किंवा १०० मिमीचा बाउल घ्या, म्हणजे उंचसखल मुरुमावर पाय न हलवता हेड लेव्हल होतं. स्प्रेडर जमिनीवरचा नको, मधला घ्या. वजनाची पिशवी खाली लटकवाल तर ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळली तर वाऱ्यात तीच झोके घेऊन कंप आणते.

एक अन्याय मात्र ट्रायपॉडवर करू नका. दुपारी तापलेल्या माळावर चित्र थरथरतं ते हवेमुळे. सगळी चौकट एकसाथ हलत असेल तर दोष आधाराचा, चौकटीचे तुकडे वेगवेगळे लहरत असतील तर दोष उन्हाचा. त्यावर कुठलंही हेड चालत नाही, सकाळी लवकर जा.

आणि पेपर वाचताना 'पद्धती' विभाग याच नजरेने वाचा. कॅमेऱ्याचं मॉडेल असतं, लेन्स असते, फ्रेम रेट असतो. आधाराचं नाव पुष्कळदा नसतं, स्थिर वस्तूवर मोजलेली त्रुटी तर त्याहून विरळ. एखादा खांब किंवा दगड पाच मिनिटं चित्रित करून त्याचं "हलणं" मोजायचं, एवढंच काम आहे. कोटेशनवर सही होण्याआधी भाड्याच्या ट्रायपॉडवर, भर वाऱ्यात, ते करून घ्या.